बॉसच्या शेजारची डोरीन

२२ मे, मंगळवार

व्हॅन मेली. आधी खोकली, मग धूर ओकली, आणि बरोबर रेल्वे फाटकाच्या मधोमध आडवी झाली. या फाटकातून चौदा वर्षांत गाडी गेलेली नाही, म्हणून हे लिहायला मी आहे!

गाव येलांबी. एक पब, एक पोस्ट, गव्हाची दोन उंच कोठारं, आणि गावाच्या मानाने फारच मोठे दिवे लावलेलं फुटबॉलचं मैदान. गॅरेजवाला म्हणतो सुटा भाग यायला तीन आठवडे. मी चेरी तोडल्यात, कोळंबीच्या बोटीवर उलट्या काढल्यात, कातरणीच्या शेडमध्ये लोकर उचललीय — पण तीन आठवडे एका जागी? शाळेतसुद्धा सलग नाही.

पबमधल्या बेव्हने चॉप आणि बटाटे पुढ्यात ठेवले. म्हणाली, "क्लेम रॅडलीला हातपाय हवेत कुणाचे तरी. त्याचे स्वतःचे संपलेत."

"काम काय?"

"छप्पर ढकलायचं. संध्याकाळी उघडायचं, सकाळी लावायचं."

सगळा पब हसला. मला वाटलं माझीच टिंगल चाललीय.

२४ मे

टिंगल नव्हती. खरंच छप्पर ढकलायचं आहे!

क्लेम अठ्ठ्याहत्तरचा. जन्मभर रेल्वेत रूळ सांभाळणाऱ्या टोळीचा मुकादम. आता एक खुबा नवा, एक जुना, आणि दोघांचं आपसात पटत नाही. घरामागच्या कुरणात पत्र्याची खोली आहे. तिचं छप्पर जुन्या रुळांच्या दोन तुकड्यांवर, ट्रॉलीच्या चाकांवर बसवलेलं. खांदा लावून रेटलं की अख्खं छप्पर मागे सरकतं आणि आत दुर्बीण उघडी पडते. दुर्बीणही त्यानेच केलेली. शेजारी फळ्यांची खोपी — त्यात हीटर, संगणक आणि किटली.

"मिस्टर रॅडली," मी सुरुवात केली.

"मिस्टर माझा बाप होता, तोही फक्त न्यायाधीशापुढे. मी क्लेम. तुझं नाव?"

"टॅमसिन."

"फार लांब. पाय तर सारखे हलतायत. शिंगरू म्हणतो मी तुला."

मग त्याने मला तारा दाखवला. साध्या डोळ्याला दिसत नाही, पडद्यावर दिसतो. सूर्याचा सख्खा भाऊ, म्हणाला. तेवढाच मोठा, तसाच पिवळा, वयानेही मागेपुढे. डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीवाल्यांनी शोधून काढलं की तो किंचित डुलतो. म्हणजे एक ग्रह त्याला धरून फिरतोय.

"मग तू ग्रह बघणार?"

"ग्रह कुणाला दिसतो! तो ताऱ्याच्या पुढून गेला तर तारा शंभरात एक भाग मंद होतो. तेवढं पकडायचं. शंभरात एक, शिंगरा!"

"कधी जाणार?"

"नक्की त्यांनाही माहीत नाही. जाईलच असंही नाही."

"किती दिवस वाट बघतोयस?"

"सात हिवाळे."

सात! (आमच्या दक्षिणेकडच्या हिवाळ्यात, मे ते ऑगस्ट, तो रात्रीचा वर असतो.) मी एका माणसासाठी सात आठवडे थांबलेली नाही.

२६ मे

नियम: एक, क्लेमच्या फाटकापासून गाडीचे दिवे बंद. हा नियम अख्खं गाव पाळतं, क्लेमशी बोलत नाहीत तेसुद्धा. दोन, खोपीत पांढरा दिवा नाही, लालच. तीन, भिंगाला हात लावायचा नाही.

पडद्यावर दोन तारे. मोठा तो 'बॉस' — ग्रहवाला. शेजारची ती 'डोरीन'. डोरीन म्हणजे मोजपट्टी. हवा हलते, धूळ येते, धुकं येतं, सगळे तारे सारखेच कमीजास्त होतात. म्हणून दर मिनिटाला फोटो काढून बॉसचा उजेड डोरीनच्या उजेडाशी ताडून बघायचा. त्याचा एक ठिपका. ठिपक्यांची रेघ. रेघ खाली बसली की समज ग्रह आला.

"डोरीन नाव का?"

"बायको माझी. गेली चार वर्षांपूर्वी. तारे निवडले तेव्हा होती. मी म्हटलं, या आकाशात कधी न बदलणारं काहीतरी पाहिजे — तर तुझंच नाव देतो. तिला वाटलं मी तिला कंटाळवाणी म्हणतोय."

"म्हणत होतास का?"

किटली भरायला गेला.

(आज दिवसभर खरं तर क्लेमने मला दिलेल्या खोलीच्या खिडकीचा पडदा शिवायचा होता. कपड्यांच्या दोरीच्या खांबात एका निळ्या जिभेच्या सरड्याने घर केलंय, ते बघण्यात दुपार गेली. सुंदर आहे. फुत्कारतो!)

३१ मे

मोठी चूक. लिहायलाही लाज वाटते.

काल क्लेमच्या खुब्याने संप केला, म्हणून मी एकटी बसले. पडद्यावर बॉस आणि डोरीन दोघंही धुरकट — भजीच्या कढईतल्या बुडबुड्यासारखे गोल. मला वाटलं भिंग सरकलंय. बिचाऱ्या म्हाताऱ्याला नीट दिसत नसेल! म्हणून फिरवून फिरवून दोन्ही तारे टाचणीच्या टोकासारखे लखलखीत केले. फार खूश होते स्वतःवर.

सकाळी क्लेमने बघितलं. कपाळाला हात लावला. मग: "शिंगरा, तारा मुद्दाम पसरवायचा असतो. टोकदार केला की सगळा उजेड एका ठिकाणी साठतो आणि कॅमेऱ्याची वाटी भरून वाहते. सांडलेलं मोजता येत नाही. जगात आम्हीच लोक असे, की दुर्बीण मुद्दाम बिघडवून बघतो."

"मला काय माहीत!"

"म्हणून तर तिसरा नियम होता."

रात्र वाया. त्याने कागद छापला, वर 'खराब' असा शिक्का मारला आणि खोक्यात टाकला. त्या खोक्यात सात वर्षांच्या खराब रात्री आहेत. चार खोकी.

१ जून

पबमध्ये कळलंय. बेव्हच्या नवऱ्याने मला चष्मा पुसायला रुमाल दिला. हा हा.

१० जून, रविवार

काल रात्रीचं नीट लिहिते, कारण काल मी एक गोष्ट केली जी आयुष्यात केली नव्हती. साडेतीन तास एका खुर्चीवरून उठले नाही. चहाला नाही, सरड्याला नाही. पडद्यावरून नजर काढली नाही. भिंगाला बोट लावलं नाही — शपथ.

आठ पन्नासला रेघ वर चढायला लागली. खाली नाही, वर! हळूहळू चढली, सपाट झाली, अडीच तासांनी उतरून पुन्हा जागेवर आली. उंटाच्या पाठीसारखा एक उंचवटा. अगदी स्वच्छ.

सकाळी क्लेम: "भिंगाला हात लावलास?"

"नाही."

"पुन्हा विचारतो."

"पुन्हा नाही!"

"तारा असा उगाच उजळत नाही. मग ढग. पातळ ढग दुर्बिणीवरून गेला असेल, दोघांवर सारखा नसेल. बाहेर जाऊन आकाश बघितलंस?"

नाही बघितलं. पडद्याला डोळे लावून बसले होते ना — तेवढ्याचाच तर अभिमान होता!

शिक्का. 'खराब — पातळ ढग.' खोक्यात.

मी दार आपटून गेले. व्हॅनचा भाग आलाय म्हणे. उद्या निघू शकते.

११ जून

निघाले नाही. निघायच्या आधी पडदा शिवून द्यावा म्हटलं, क्लेमला कबूल केलं होतं. हट्टाने.

१७ जून

पडदा! तो पडदाच कारण ठरला.

बेव्हकडून मापाची पट्टी आणली, कापडी. खिडकी मोजली — पंचेचाळीस इंच. दुकानातून तेवढं कापड कापून आणलं, शिवलं, लावलं तर दोन्हीकडून चार बोटं लोंबतंय. खिडकी पुन्हा मोजली, पंचेचाळीसच. पट्टी घेऊन पबमध्ये भांडायला गेले, तर बेव्ह हसून हसून लाल झाली. "अगं ती पट्टी मागच्या वर्षी माझ्या एप्रनच्या खिशात उकळत्या पाण्यात धुतली गेली! आटलीय ती. कापड दुकानदाराने त्याच्या पट्टीने दिलं, खिडकी तू हिच्याने मोजलीस!"

मी तिथेच उभी. आटलेल्या पट्टीने मोजलं की खिडकी मोठी भरते. खिडकी आहे तेवढीच असते.

बॉस उजळलाच नव्हता. डोरीन मंद झाली होती.

१८ जून

क्लेमला सांगितलं. म्हणाला, "डोरीन बदलत नाही."

"बघितलंयस कधी?"

"बघायचं काय त्यात? सात वर्षं ती तिथेच आहे."

 टोस्टवर मार्माइट नावाचं काळं, खारट चाटण फासत बसला, जणू डांबरी रस्ता करतोय.

२१ जून

चारही खोकी जमिनीवर उलटी केली. लोकांनी 'खराब' म्हटलेल्या गोष्टी चाळायला मला लहानपणापासून आवडतं — उकिरड्यावर मला खरं सापडतं. कातरणीच्या शेडमध्येही मी चांगली लोकर सोडून कचऱ्याच्या टोपलीतच असायची.

बहुतेक कागद खरोखरच खराब. वेडेवाकडे ठिपके, ढग, एकदा दुर्बिणीवर घुबड बसलं होतं. पण सतरा कागदांवर उंचवटा आहे. तोच! तेवढाच उंच, तसाच सपाट माथा. सगळ्यांवर शिक्का: पातळ ढग. पातळ ढग. पातळ ढग.

या वर्षीचे तीन घेतले आणि लोकरीच्या व्यापाऱ्याने दिलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा केल्या. तीस एप्रिल — नऊ चाळीस. वीस मे — सव्वानऊ. नऊ जून — आठ पन्नास.

वीस दिवस. पुन्हा वीस दिवस. दर वेळी पंचवीस मिनिटं आधी.

मला गणितात नेहमी भोपळा मिळाला. पण वीस आणि वीस मला येतात!

क्लेमला उठवलं. दुपारचे तीन, त्याची झोपेची वेळ. काठी टेकत आला, कॅलेंडरपुढे उभा राहिला. बोटाने तिन्ही खुणा मोजल्या. मग म्हणाला — अगदी हळू — "ढग वेळापत्रकाने येत नाहीत."

"नाही ना?"

"नाही. चाळीस वर्षं रुळांवर काढली मी, शिंगरा. वेळापत्रकाने गाडी येते."

२२ जून

डोंगरावर फोन. डॉक्टर हेस्टर — तिथे क्लेमच्या पत्रांना उत्तर देणारी ती एकटीच. क्लेम फोनवर तिच्याशी बोलताना उभा राहतो आणि केस नीट करतो.

तिने सगळं लिहून घेतलं. म्हणाली, तुझ्या डोरीनकडे आम्ही कधी वळलोच नाही, क्लेम; कुणीच नाही. तीही सूर्यासारखीच आहे. ग्रह असेल तर वीस दिवसांत तीन फेऱ्या घालत असेल — दोन तुमच्या दिवसाउजेडी किंवा तारा मावळल्यावर. पण ही जुन्या कागदांवरची गोष्ट. एकदा समोर पकडून दाखवा. डोरीनला मधोमध घ्या आणि तिच्या पलीकडच्या ताऱ्यांशी ताडून बघा. ती खरंच खाली गेली तर मी मोठी दुर्बीण वळवते.

पुढची वेळ मी आधीच काढली होती. एकोणतीस जून, आठ पंचवीस. काढली मी!

२९ जून, शुक्रवार

ढग. खरे.

३ जुलै

क्लेमची लेक नोएलीन न्यूकॅसलहून आली. नर्स आहे. आल्या आल्या त्याचा फ्रिज उघडून किंचाळली. सॉसेज कधीचे होते मलाही माहीत नव्हतं.

स्वयंपाकघरात मला बाजूला घेतलं. "मागच्या महिन्यात तो न्हाणीघरात पडला, सांगितलं तुला? नाही ना. एकवीस जुलैला मी त्याला घेऊन चाललेय. आमच्या घराजवळ वृद्धांसाठी जागा मिळालीय. त्याने सही केलीय."

मग कुरणाकडे बघत म्हणाली, "आई रोज रात्री त्या खोपीत ट्रे नेऊन ठेवायची. सूप, टोस्ट, काय काय. तो मान वर करायचा नाही. आणि तिचं नाव कशाला दिलं — ज्याच्याकडे बघावं लागत नाही त्या ताऱ्याला!"

मला तिचा राग आला. नंतर रागही येईना.

म्हणजे क्लेमकडे एकच संधी. एकोणीस जुलै, आठ वाजता. त्यानंतर छप्पर कायमचं बंद.

८ जुलै

कोळंबीच्या बोटीवरची माझी मैत्रीण लोर्ना गाडी घेऊन उत्तरेला आंब्याच्या बागांत चाललीय. येलांबीवरून जाणार, चौदा तारखेला. तिच्या गाडीत जागा आहे; माझ्या व्हॅनला एवढ्या लांबचा दम नाही. समुद्र आहे. ऊन आहे!

मी फोनवर "हो" म्हणाले. सवयीने.

१२ जुलै

डॉक्टर हेस्टरचा फोन, आणि फोन खाली ठेवल्यावर क्लेम बसूनच राहिला.

बॉसचं डुलणं त्यांनी पुन्हा मोजलं. त्याचा ग्रह पुढून गेलाच तर सोळा ते बावीस जुलैच्या आत जाईल. तोच आठवडा! कॅमेऱ्याची चौकट एवढीशी — डोरीन मधोमध घेतली की बॉस बाहेर पडतो. दोघांपैकी एकच.

"डोंगरावरचे बघतील ना बॉसला?"

"त्यांना त्या आठवड्यात वेळ नाही. म्हणून तर माझ्यासारखे लोक असतात."

"मग?"

"सात हिवाळे, शिंगरा. आणि फलाट सोडून जायचं, ते गाडीच्या आठवड्यात."

मी म्हणाले वीस दिवसांचा हिशोब माझा आहे, चुकला असेल तर? मी शाळा सोडलेली मुलगी. भिंग फिरवणारी.

क्लेम काठी उचलून कुरणात गेला.

१४ जुलै

लोर्ना येऊन गेली. फाटकाशी थांबून तिने हॉर्न वाजवला. मी बाहेर जाऊन आधी तिच्या गाडीचे दिवे बंद करायला लावले. ती म्हणाली, "अगं संध्याकाळचे पाच वाजलेत!" मी म्हणाले नियम म्हणजे नियम.

मग तिच्या गाडीतली माझी जागा रिकामी गेली.  "माझं छप्पर आहे," म्हणाले. ती वेड्यासारखी बघत होती.

१६ जुलै

सकाळी अंडी तळत होते. मागून क्लेम: "वळव."

"काय?"

"दुर्बीण. एकोणीसला डोरीनकडे वळव. आणि अंडं जळतंय."

१७ जुलै

नवी अडचण! एकोणीसला गुरुवार. गुरुवारी फुटबॉलचा सराव, साडेनऊपर्यंत. ते दिवे डोरीन आहे त्याच दिशेला. तिच्या पलीकडचे तारे आधीच फिके — दिवे असले तर मोजता येणार नाहीत.

पबमध्ये गेले. प्रशिक्षक बेव्हचाच नवरा, रेज. रविवारी सामना आहे, तोही सगळ्यात मोठ्या वैऱ्यांशी.

"एका ताऱ्यासाठी सराव बंद?" रेज म्हणाला. "मला गावातून हाकलून देतील."

"साडेसातला बंद करा. फक्त एक दिवस."

"आणि काय दिसणार त्यात?"

"काहीच नाही. शंभरात एक."

सगळे हसले. मीही. मग बेव्ह ग्लास पुसता पुसता म्हणाली, "डोरीनसाठी आहे, रेज. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी सहा आठवडे आपल्याकडे कॅसरोल भरून रस्सा कोण आणून देत होतं?"

रेजने बियर संपवली. "साडेसात. एक मिनिट जास्त नाही, एक मिनिट कमी नाही."

१९ जुलै, गुरुवार

आजच लिहायचं.

साडेचारला छप्पर मागे रेटलं. आकाश धुतल्यासारखं. दर दहा मिनिटांनी बाहेर जाऊन बघत होते — आता कुणी ढग म्हणायचं नाही! दुर्बीण वळवताना क्लेमने स्वतः बटण दाबलं. बॉस चौकटीतून सरकत सरकत कडेला गेला आणि नाहीसा झाला. क्लेम म्हणाला, "जा बाबा." एवढंच.

नोएलीन आधीच आलीय, सामान बांधायला. तीही खोपीत आली. ट्रे घेऊन! भोपळ्याचं सूप आणि टोस्ट. ठेवला, आणि गेली नाही, पोत्यावर बसली.

साडेसात. खट्! मैदानाचे दिवे गेले. पाठोपाठ पबची पाटी गेली. मग एकेक करून सगळ्या गावाचे दिवे गेले — हे कुणी मागितलंही नव्हतं. मी बाहेर उभी होते.  हे माझं गाव नाही, दोन महिन्यांपूर्वी नावही माहीत नव्हतं — आणि छाती अशी फुगली की जणू मीच वसवलंय.

सात पन्नास. रेघ सरळ.

सात पंचावन्न. सरळ. क्लेमच्या हातातली काठी जमिनीवर टकटक करत होती. नोएलीनने ती धरली.

सात अठ्ठावन्न. एक ठिपका खाली. "हवा," क्लेम म्हणाला. दुसरा खाली. तिसरा. चौथा.

डोरीन खाली चालली होती. तीन वेगळ्या ताऱ्यांशी ताडून — तिन्ही रेघा एकदम खाली!

 क्लेम पडद्याजवळ सरकला, नाक जवळजवळ टेकवून. "दोन मिनिटं लवकर," म्हणाला. आवाज फुटला होता. "नोंद कर. दोन मिनिटं लवकर आली."

नोएलीन म्हणाली, "सात वर्षं तुझ्या समोर बसली होती, बाबा. आणि तू शेजारी बघत होतास."

"हो," क्लेम म्हणाला. "हो ग."

मग त्याने मान वर केली, ट्रेकडे बघितलं, आणि सगळं सूप प्यायला. गार झालं होतं.

२० जुलै

डॉक्टर हेस्टर फोनवर किंचाळली! शिकलेली बाई किंचाळते हे मला माहीत नव्हतं. मोठी दुर्बीण आजपासून डोरीनवर. खोकी पाठवा म्हणाली, सगळे सतरा कागद, मागे नंबर घालून. आणि अहवालात पहिल्यांदा कुणी पाहिलं ते नाव लागेल. कुणाचं?

क्लेम: "शिंगराचं. स्पेलिंग ती सांगेल."

"तुझं!" मी म्हणाले. "सात वर्षं तू बसलास!"

"मी बसलो. पाहिलंस तू. सतरा वेळा मी शिक्का मारला. तुझं आधी."

माझं नाव आजवर दोनच ठिकाणी लागलंय — शाळेच्या गैरहजेरीत आणि एकदा पोलिसांच्या वहीत. आता एका ग्रहाच्या शेजारी! दिवसभर गावातून फिरले. पोस्टातल्या बाईला, गॅरेजवाल्याला, रेजच्या अख्ख्या संघाला सांगितलं. सरड्यालाही सांगितलं.

रेज म्हणाला, "रविवारी हरलो तर मात्र तुझंच नाव घेईन."

बॉसचं काय झालं त्या रात्री? कुणालाच माहीत नाही. क्लेमने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

२१ जुलै

क्लेम गेला, नोएलीनच्या गाडीत, पुढच्या सीटवर, मांडीवर कॅलेंडर. छपराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "आठ ऑगस्ट," म्हणाला.

"सात पस्तीसच्या आसपास," मी म्हणाले.

फाटकापर्यंत नोएलीनने गाडीचे दिवे लावले नाहीत. सकाळचे दहा वाजले होते.

२४ जुलै

कागदांच्या मागे नंबर घालत बसले. सगळ्यात जुना सतरावा — पहिल्या हिवाळ्यातला, ऑगस्ट, सात दहा. शिक्का: पातळ ढग. उलटा केला.

मागे पेन्सिलीने, गोल गोल अक्षर. कोपऱ्यात सुपाच्या वाटीचा डाग.

"क्लेम, ढग नव्हते रे. मी दोरीवरचे कपडे काढायला बाहेर होते, सात ते आठ. सगळे तारे लख्ख होते. एकदा नीट बघ ना. — डो."

न्यूकॅसलला फोन लावला आणि वाचून दाखवलं.  मग क्लेम म्हणाला, "पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

मग डोंगरावर फोन केला. माझं नाव दुसऱ्या नंबरवर घ्या, म्हणाले. आधी एक नाव आहे. स्पेलिंग सांगते.